रज्जुगाहकाची काठी आणि खेकड्याचे बीळ

बौद्ध स्थापत्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा येथील चैत्यगृहांच्या कमानी, स्तंभ आणि गर्भगृहे यांची मापे अभ्यासकांनी इंचाइंचाने घेतली. परंतु ज्या जमिनीच्या आधारावर हे विहार शतकानुशतके चालले ती जमीन त्या काळी कोणी मोजली, कशाने मोजली आणि मोजताना कोणाकोणाचा विचार केला, या प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. शिल्पकार आपल्याला दिसतो, दाता शिलालेखातून बोलतो. दोरी धरणारा माणूस मात्र दृष्टीआड राहतो. वस्तुतः पालि वाङ्मयात या माणसाला स्वतंत्र नाव आहे, दरबारात स्थान आहे आणि एका जातकात तर त्याला चांगलीच भूमिका आहे. आजच्या भूमापकाचा आणि स्थापत्य अभियंत्याचा हा पूर्वज. मुंबईच्या किनाऱ्यावरील खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांत सीमांकनाचा प्रश्न ज्या रीतीने उभा राहिला आहे, तो पाहता या पूर्वजाची ओळख करून घेणे केवळ पुराणवस्तुसंशोधनाचे काम राहत नाही. तिकडे आपण लेखाच्या उत्तरार्धात येऊ. आधी मूळ ग्रंथ पाहू.

जातकट्ठकथेतील २७६ व्या क्रमांकाचे कुरुधम्म जातक आपल्या परिचयाचे असेल. कलिंग देशात अवर्षण पडते. दंतपूरच्या राजाला वाटते की कुरुराज्यात पाऊस पडतो तो तेथील लोक कुरुधम्म पाळतात म्हणून. तेव्हा तो धम्म सोन्याच्या पत्र्यावर लिहून आणावा. हा कुरुधम्म म्हणजे दुसरे काही नसून पंचशील होय. दूत इंदपत्त नगरीस जातात, आणि एक विलक्षण गोष्ट घडते. राजापासून गणिकेपर्यंत अकरा माणसे शीलवान म्हणून प्रसिद्ध आहेत. पण प्रत्येकजण म्हणतो, माझ्या शीलात अमुक एक खोट आहे असे मला वाटते, तुम्ही अमक्याकडे जा, तो निर्दोष आहे. या अकरांत सहावा आहे रज्जुगाहक अमच्च, म्हणजे दोरी धरणारा अमात्य, राज्याचा भूमापक.

त्याची शंका अशी. एके दिवशी तो जनपदात शेत मोजत होता. दोरीचे एक टोक शेताच्या मालकाने धरले होते, दुसरे काठीला बांधून अमात्याने स्वतःच्या हाती घेतले होते. मोजता मोजता त्याची काठी नेमकी एका खेकड्याच्या बिळावर आली. त्याने विचार केला : काठी बिळात रोवली तर आतला खेकडा मरेल, पुढे सरकवली तर राजाचे नुकसान होईल, मागे घेतली तर कुटुंबिकाचे, म्हणजे शेतकऱ्याचे, नुकसान होईल. आता करावे काय? मग त्याला वाटले, बिळात खेकडा असता तर तो बाहेर दिसला असता. असे समजून त्याने काठी बिळातच घातली. आतून 'किरि' असा आवाज आला. काठी खेकड्याच्या पाठीवर बसली असावी, तो मेला असावा, आणि मी तर कुरुधम्म पाळणारा, ही रुखरुख त्याच्या मनातून गेली नाही.

दूत त्याची समजूत घालतात. खेकड्याला मारण्याचा तुमचा हेतू नव्हता, आणि हेतूवाचून प्राणातिपात होत नाही. हे उत्तर अभिधम्माच्या दृष्टीने बिनचूक आहे. चेतना हेच कम्म, असे तथागतांनी अंगुत्तर निकायात सांगितलेच आहे. पण अमात्याचे समाधान होत नाही. जातकाच्या शेवटी पात्रांची ओळख पटवली जाते तेव्हा हा रज्जुगाहक म्हणजे पुढच्या जन्मीचे महाकच्चान थेर, असे सांगितले आहे. महाकच्चानांची ख्याती काय होती? संक्षेपाने सांगितलेल्या वचनाचा विस्ताराने अर्थ उकलणाऱ्या भिक्खूंमध्ये ते अग्र मानले जात. जातककर्त्याने भूमापकाच्या जागी नेमके त्यांना बसवले, हे मला सहज घडलेले वाटत नाही.

याच कथेत धान्य मोजणारा दोणमापक महामात्रही आहे. राजाच्या कोठाराच्या दारी बसून तो रयतेकडून येणारे धान्य मापतो. पाऊस आल्याने घाईत तो खुणेसाठी ठेवलेले दाणे एका राशीत मिसळून टाकतो आणि मग त्याला शंका येते की ते मोजलेल्या राशीत गेले की न मोजलेल्या. मोजलेल्या राशीत गेले असतील तर राजाचा वाटा वाढला आणि शेतकऱ्याचा घटला. एक जमीन मोजणारा, एक धान्य मोजणारा; दोघांच्याही मनाला टोचणी आहे ती मापाची. राजाला कमी पडेल ही भीती नोकरीची असते, ती कोणत्याही राज्यात असते. शेतकऱ्याला कमी पडेल ही चिंता शीलाची आहे. आणि खेकडा? तो तर कोणत्याच हिशेबात नाही. तो महसूल देत नाही, दोरी धरत नाही, तक्रार करीत नाही. तरीही मोजणीच्या क्षणी त्याला तिसरा पक्ष मानले गेले. भूमापनाच्या इतिहासात ही घटना मला फार मोठी वाटते.

दोरी हे मापनाचे साधन अर्थातच बौद्धांनी शोधलेले नाही. शुल्बसूत्रांचा शुल्ब म्हणजे दोरीच. तेथे तिने यज्ञवेदी आखली जाते. एकाच दोरीने वेदी आखता येते आणि शेतही मोजता येते, इतकाच काय तो संबंध. अर्थशास्त्रात दहा दंडांचा एक रज्जू आणि तीन रज्जूंचे एक निवर्तन असे कोष्टक दिले आहे, आणि राष्ट्रातून येणाऱ्या उत्पन्नाच्या बाबींत 'रज्जू' हा शब्द पुन्हा येतो. (खारदांड्यातील 'दांडा' या शब्दावरून कोणी या दंडाची आठवण काढू नये. कोकण किनाऱ्यावर दांडा नावाची गावे आणखीही आहेत. मापाशी त्यांचा संबंध नाही.) मेगास्थेनिसच्या वृत्तांतावरून स्ट्रॅबोने लिहिले आहे की भारतात काही अधिकारी इजिप्तप्रमाणे जमीन मोजतात आणि कालव्यांच्या झडपांवर देखरेख ठेवतात, जेणेकरून पाणी सर्वांना सारखे मिळावे. जमीन आणि पाणी एकाच खात्याकडे असणे हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सम्राट अशोकाच्या लेखांतील 'रजुक' या अधिकाऱ्याचे नाव याच रज्जूवरून आले, असे ब्यूलर आदी विद्वानांनी मानले आहे. तिसऱ्या शिलालेखात युत, रजुक आणि प्रादेशिक यांनी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर जावे आणि आपले नेहमीचे काम करतानाच धम्माचे अनुशासनही सांगावे अशी आज्ञा आहे. चौथ्या स्तंभलेखात तर रजुकाचा अधिकार फारच वाढलेला दिसतो. लक्षावधी लोकांवर त्याची नेमणूक आहे, न्याय आणि दंड यांत त्याला स्वातंत्र्य आहे, आणि कुशल दाईच्या हाती मूल सोपवून माता-पिता जसे निश्चिंत होतात तसा राजा रजुकाच्या हाती प्रजा सोपवून निश्चिंत होतो, असा तेथे दृष्टांत आहे. मोजणीदार इतका मोठा कसा झाला? उत्तर सोपे आहे. ज्याच्या हाती दोरी त्याच्या हाती हद्द. ज्याच्या हाती हद्द त्याच्याकडे तंटा येतो. आणि ज्याच्याकडे तंटा येतो तो न्यायाधीश होतो. मुंबईच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यास आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, पुढे नवव्या लेखाचाही भाग मिळाला. मूळ चौदा लेखांची मालिका तेथे असावी हे उघड आहे. तेव्हा रजुकाला दिलेली ती आज्ञाही साष्टीच्या उत्तरेस, खाडीपलीकडे, दगडावर कोरलेली असणार.

आता विनयाकडे वळू. कारण जातकातील अमात्याला पश्चात्ताप होतो तो काठी रोवून झाल्यावर. विनयपिटक त्याच्या एक पाऊल पुढे आहे. ते म्हणते, काठी रोवण्याआधी पाहा.

संघादिसेसातील सहावा नियम असा की कोणी दाता नसताना भिक्खूने स्वतःसाठी कुटी बांधायची असेल तर ती आतून बारा सुगत-वितींपेक्षा लांब आणि सात वितींपेक्षा रुंद असू नये. माप ठरले. पण नियम मापावर थांबत नाही. जागा दाखवण्यासाठी भिक्खूंना तेथे आणले पाहिजे, आणि ती जागा 'अनारंभ' व 'सपरिक्कमन' असली पाहिजे. सातवा नियम मोठ्या विहारासाठी आहे. तेथे दाता असल्याने मापाची अट नाही, पण जागेच्या या दोन अटी कायम आहेत. त्या नियमाचे निमित्तही बोलके आहे. छन्न नावाच्या भिक्खूने विहाराची जागा साफ करताना लोक ज्याला मान देत असा एक वृक्ष तोडला, आणि लोकांनी त्याबद्दल नापसंती व्यक्त केली.

अनारंभ म्हणजे काय? विभंगात याचा खुलासा उलट बाजूने केला आहे. जेथे मुंग्यांचे, वाळवीचे, उंदरांचे, सापांचे, विंचवांचे वसतिस्थान आहे, जेथे हत्ती किंवा वाघ-सिंहांचा वावर आहे, ती जागा सारंभ, म्हणून वर्ज्य. जी जागा धान्याच्या किंवा कडधान्याच्या शेताला लागून आहे, वधस्थानाला, स्मशानाला, उद्यानाला, राजाच्या जागेला, हत्तीशाळेला, तुरुंगाला, मद्यगृहाला, खाटीकखान्याला, रस्त्याला, चव्हाट्याला किंवा सभागृहाला लागून आहे, तीही सारंभ. आणि सपरिक्कमन म्हणजे जिच्या सभोवती जुंपलेली बैलगाडी फिरू शकते, शिडी लावून चहूबाजूंनी काम करता येते अशी जागा. आजच्या नगररचनेच्या नियमांत इमारतीभोवती मोकळी जागा सोडण्याची जी तरतूद असते, अग्निशामक गाडीला वळता यावे म्हणून जे अंतर राखले जाते, त्याचा हा पूर्वावतार समजण्यास हरकत नाही. मात्र मुंगीच्या वारुळासाठी आराखडा बदला, असे सांगणारा नियम आपल्या बांधकामशास्त्रात अगदी अलीकडे, पर्यावरणाच्या परवानगीचे युग सुरू झाल्यावर, कोठे कोठे शिरू लागला.

त्याहून महत्त्वाची आहे ती तपासणीची पद्धत. ज्याला कुटी बांधायची त्याने जागा साफ करून संघापुढे यावे आणि तीन वेळा विनंती करावी. सगळा संघ जाऊ शकत असेल तर सर्वांनी जावे. नाही तर सारंभ कोणते, अनारंभ कोणते हे ओळखू शकणारे जाणते भिक्खू संघाने ठराव करून निवडावेत. त्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे. जागा सारंभ असेल तर 'येथे बांधू नका' असे सांगावे. म्हणजे बांधणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याची नेमणूक बांधणाऱ्याच्या हाती नाही.

सीमेचेही तसेच. महावग्गाच्या उपोसथखंधकात सीमा बांधण्याच्या आठ निमित्तांची यादी येते : पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि पाणी. आधी निमित्ते सर्वांसमोर उच्चारायची, मग ञत्ती मांडायची, आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे आवाहन करायचे. सर्व शांत राहिले तरच सीमा झाली. नदीपलीकडे जाणारी सीमा बांधायची नाही, अपवाद एकच : जेथे कायमची नाव किंवा कायमचा पूल असेल. नकाशावर सरळ दिसणारी रेषा माणसाला चालून ओलांडता येते की नाही, हे पाहूनच ती मान्य करायची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या सभापद्धतीचा, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांच्या नियमांचा जो उल्लेख केला तो सर्वांना पाठ आहे. ती पद्धत केवळ मतभेदांसाठी नव्हती, ती जमिनीवर रेषा ओढण्यासाठीही होती, एवढे येथे जोडावेसे वाटते.

हद्दीविषयी बुद्धकालीन दृष्टी किती लौकिक होती हे अग्गञ्ञ सुत्तात दिसते. तेथे भाताची शेते वाटली जातात, मर्यादा घातल्या जातात, आणि लगेच पुढच्याच प्रसंगात कोणी दुसऱ्याचा वाटा उचलतो. बांध आला आणि चोरी आली, खोटे आले, शिक्षा आली. मग लोकांनी एकत्र येऊन एकाला निवडले आणि त्याला आपल्या भाताचा भाग देऊ केला. शेतांचा अधिपती तो खत्तिय, अशी त्या शब्दाची फोड सुत्तात दिली आहे. हद्द देवाने घातलेली नाही, माणसांनी ठरवली आहे, हा त्याचा आशय. आणि तरीही शेताच्या बांधाविषयी बौद्धांना तिटकारा नव्हता. दक्षिणगिरीकडे जाताना मगधाची बांध घातलेली, तुकड्यातुकड्यांची शेते पाहून तथागतांनी आनंदाला तशाच रचनेचे चीवर शिवायला सांगितले. भिक्खूच्या अंगावरील वस्त्र हा एका अर्थी शेतीचा नकाशाच होय.

हे सारे ग्रंथांतील झाले. व्यवहारात काय होते? त्यासाठी आपल्याकडचे शिलालेख आहेत. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताने नोंदवले आहे की त्याने एक शेत वाराहीपुत्र अश्विभूती ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेऊन संघाला दिले. ते शेत विक्रेत्याच्या वडिलांच्या मालकीचे होते, आणि नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला होते. खरेदी, किंमत, मालकीचा पूर्वेतिहास, दिशा. खरेदीखतात आणखी काय असते? तेथल्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दोन पत्रे कोरलेली आहेत. अठराव्या वर्षीच्या पत्रात उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्खूंना दिले आहे आणि त्यासोबत सवलती दिल्या आहेत : राजाच्या माणसांनी आत शिरू नये, त्याला हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये. चोविसाव्या वर्षी दुसरे पत्र निघते. कखडी गावातील पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावही ओस आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने द्यावीत. राजाने दिलेली जमीन कागदावर पूर्ण होती, दोरीने मोजल्याप्रमाणे होती. पण तिच्यावर माणूस नव्हता, म्हणून दान निष्फळ ठरले, आणि राज्याने आपल्या दानाची चूक दगडावर कोरून दुरुस्त केली. आपल्या महसूल खात्याच्या इतिहासात अशी कबुली क्वचितच सापडेल.

मुंबई उपनगरात, आजच्या बोरिवलीच्या हद्दीत, कान्हेरी आहे. तेथील सातवाहनकालीन एका लेखात मंगलथान गावातील शेत संघाच्या चीवरांसाठी दिल्याची नोंद आहे. मंगलथान म्हणजे आजचे मागाठाणे. पण कान्हेरीची खरी ओळख पाणी. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरावर बहुतेक प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पानियपोढी' म्हणतात. वरच्या खडकावर कोरलेले बारीक पाट पावसाचे पाणी टाक्यात आणतात. ओढ्यावर बांधाचे अवशेष दिसतात. डोंगराचा उतार न मोडता, त्याच्याच उताराने पाणी फिरवणे, हे काम उताराची नेमकी मोजणी केल्याशिवाय होत नाही. चैत्यगृहाच्या लेखात नवकम्मिक, म्हणजे बांधकामावर देखरेख करणारे, आणि सेलवढकी, म्हणजे दगडकाम करणारे, यांचा निर्देश आहे. इंग्रजी अमलात १८५६ ते १८६० या काळात याच डोंगररांगेत विहार तलाव बांधून मुंबई शहराला पाणी आणले गेले. तो प्रयत्न मोठाच होता, पण या डोंगरात पाणी अडवण्याची कल्पना नवी नव्हती.

मध्यंतरीच्या शतकांचा आढावा येथे घ्यावयाचा नाही. पण एक गोष्ट सोडून पुढे जाता येत नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोजणी सुरू केली तेव्हा प्रिंगल यांची पहिली पाहणी फसली; कर भारी पडला आणि शेते ओस पडली. १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले आणि तीच पद्धत इलाख्यात रूढ झाली. दोरीच्या जागी तेहतीस फुटांची साखळी आली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, कोपऱ्यावर हद्दीचे दगड आले. साहेबाच्या साखळीला गावाची शीव कोण दाखवत होता? महार. शिवेचे रक्षण करणे, दोन गावांत तंटा झाला तर शिवेवरून चालून साक्ष देणे, हे महाराचे वतनी काम होते. जो गावाची प्रत्येक खूण जाणत होता त्याचे घर मात्र त्याच गावकुसाबाहेर होते. त्याच्या वाट्याची जमीन हाडकी-हाडोळा म्हणून ओळखली जाई आणि ती वेठीच्या साखळीला बांधलेली होती. ती साखळी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ साली झाला. रज्जुगाहकाच्या कथेत दोरीचे दुसरे टोक शेतमालकाच्या हाती आहे. शीव दाखवणाऱ्याच्या हाती कोणतेच टोक नव्हते. तो साखळीपुढे चालत होता, एवढेच.

अशा रीतीने आपण खारदांड्यापाशी येतो. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे आणि जुहू यांच्या दरम्यान हे कोळ्यांचे जुने गाव आहे. त्याच्या पूर्वेस खारची वसाहत, क्रमांक दिलेल्या सरळ रस्त्यांची, दोरी लावून आखलेली. पश्चिमेस वळणावळणाच्या गल्ल्यांचा दांडा. 'खार' म्हणजे खारट जमीन, हे कोकणात कोणालाही सांगावे लागत नाही. कोळ्याची जमीन कोणती, या प्रश्नाचे उत्तर साखळीला देता येत नाही, कारण घर एवढीच त्याची जमीन नसते. बोंबील वाळवण्याच्या वलांडी जेथे उभ्या राहतात ती जागा, जाळी विणण्याची जागा, होडी ओढून ठेवण्याची जागा, ही सारी वापराची आहेत, सामाईक आहेत, वर्षातून काही महिनेच भरलेली असतात. मोजणीदार उन्हाळ्यात आला तर जागा भरलेली दिसते, पावसाळ्यात आला तर मोकळी. आणि मोकळी जागा नकाशावर सहज 'पडीक' किंवा 'सरकारी' होते. बीळ रिकामेच दिसते. आत कोणी असते तर दिसले असते, असे समजून काठी रोवली जाते.

६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित नोंदींत असलेल्या कोळीवाड्यांचे नकाशे करावेत असे तीत म्हटले आहे. त्यानंतर सीमांकनाचे काम हाती घेण्यात आले आणि त्यावर हरकती, फेरमोजण्या व वाद होत राहिले. वादाचे मूळ मला 'नोंद' या शब्दात दिसते. जुन्या नोंदी ज्या काळात झाल्या त्या काळी घरे मोजली गेली, वलांडी मोजल्या गेल्या नाहीत. नोंदीवरून नकाशा करायचा आणि नकाशावरून हक्क ठरवायचा, तर जे पूर्वी मोजायचे राहिले ते कायमचेच राहते. निमित्ते आधी सर्वांसमोर उच्चारून मग हरकत विचारायची, ही महावग्गाची पद्धत येथे आठवते. आपल्या कायद्यातही हरकती मागवतात. पण रेषा आखून झाल्यावर, आणि वर्तमानपत्रात सूचना देऊन.

खेकड्याचे मात्र बरे चालले आहे, असे म्हणावे लागेल. ज्याला दांड्यात चिंबोरी म्हणतील त्याच्या बिळांना, म्हणजे तिवरांच्या रानाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशापासून संरक्षण मिळाले; तिवरांभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली आणि २०१८ साली न्यायालयाने ते संरक्षण पक्के केले. ते आवश्यकच होते. पण जातकातील अमात्यापुढे तीन पक्ष होते, आणि त्यांपैकी एकाला वाचवताना दुसरा मरेल अशी व्यवस्था त्याला चालली नसती. काही बौद्ध मित्र असेही म्हणतात की कोळी मासे मारतात, त्यांच्या हद्दीची चिंता आपण का करावी. त्यांनी जातक पुन्हा वाचावे. शेतकरी नांगराने किती जीव मारतो याची चौकशी करून मग अमात्याने त्याच्या बाजूचा विचार केलेला नाही. जमीन मोजताना माणसाचे शील मोजायचे नसते. मोजणाऱ्याने स्वतःचे पाहायचे असते.

समुद्राच्या बाजूची हद्द हा आणखी वेगळा प्रश्न, आणि याबाबत विनयाचे म्हणणे फारसे कोणी उद्धृत करीत नाही. महावग्ग म्हणतो की सर्व नद्या, सर्व समुद्र आणि सर्व नैसर्गिक सरोवरे ही असीम आहेत. तेथे सीमा बांधता येत नाही. पाण्यात संघकर्म करायचेच असेल तर मध्यम शक्तीच्या माणसाने चहूबाजूंना पाणी फेकावे, ते जेथवर जाईल तेथवरची जागा त्या कर्मापुरती सीमा. कर्म संपले की सीमाही संपली. मग समुद्र कोठे संपतो? अट्ठकथाकारांनी त्याचेही उत्तर दिले आहे. वादळाने उसळलेली लाट धरायची नाही. नेहमीची लाट येऊन जेथे थांबते तेथवर समुद्र. आजचा कायदा भरतीरेषा धरतो ती उधाणाच्या भरतीची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जेथवर चढते तेथवरची. कोळी होडी ओढून ठेवतो तीही त्या उधाणाच्या पाण्याच्या वर, आणि ती जागा कोणती हे त्याला नकाशावाचून ठाऊक असते.